गाडीच्या डिकीत एकच व्हिडिओ लॅरिंगोस्कोप ठेवायचा, तर कुठला?

विट्याचा_रस्ता (सांगली)

नमस्कार मंडळी. मी भूलतज्ज्ञ आहे. भूल देताना पेशंटच्या श्वासनलिकेत नळी घालायची असते, त्यासाठी जीभ उचलून स्वरयंत्र दाखवणारं मूठ-ब्लेडचं साधन म्हणजे लॅरिंगोस्कोप; व्हिडिओवाल्याच्या ब्लेडला कॅमेरा असतो. राहायला सांगलीत, पण काम विटा, तासगाव, पलूस, आष्टा इथल्या छोट्या हॉस्पिटलांत. फोन आला की बॅग उचलायची आणि निघायचं. बॅगेत साध्या लॅरिंगोस्कोपची मॅकिंटॉश प्रकारची ३ आणि ४ नंबरची ब्लेड, बूजी (नळीला वाट दाखवणारी लांब लवचिक काडी), स्टायलेट (नळीला आकार देणारी आतली तार), एलएमए (स्वरयंत्रावर बसणारा मास्क) आणि माझा स्वतःचा छोटा कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची लाट दाखवणारं यंत्र) असतो. इतकी वर्षं एवढ्यावर भागलं.

मागच्या महिन्यात एका ठिकाणी रात्री अपेंडिक्स फुटलेला पेशंट आला. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर, वय चाळिशीच्या पुढे, मान आखूड, गुटख्याची जुनी सवय. तोंड जेमतेम अडीच बोटं उघडत होतं. पोट भरलेलं, फुगलेलं. ऑक्सिजन नीट भरला, स्नायू सैल करणारं स्कोलिन दिलं, लॅरिंगोस्कोप घातला तर नुसतं एपिग्लॉटिसचं, म्हणजे स्वरयंत्रावरच्या झडपेचं, टोक दिसतंय. स्वरतंतू दिसतच नाहीत, म्हणजे ग्रेड ३. बूजी घातली, ती अन्ननलिकेत गेली. बाहेर काढली, मास्कने श्वास दिला, उशी बदलली, परत बघितलं. सॅच्युरेशन ८४ वर आलं होतं. तिसऱ्या खेपेला बूजी श्वासनलिकेच्या कडांवरून खडखडत खाली गेली आणि नळी बसली. कॅप्नोग्राफवर चौकोनी लाट आली तेव्हा सिस्टरांनी माझ्या कपाळाचा घाम पुसला. पेशंट पाचव्या दिवशी चालत घरी गेला.

पण त्या रात्रीपासून मनात एकच येतंय, की त्या ब्लेडच्या टोकाला डोळा असता तर दोन खेपा वाचल्या असत्या. शिकताना आम्ही सी-मॅक नावाचा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप वापरला होता. आता स्वतःच्या पैशांनी घ्यायचा आहे. सी-मॅक, मॅकग्राथ, किंग व्हिजन, एअरट्रॅक, शिवाय दोन देशी कंपन्यांचे प्रतिनिधी रोज फोन करतात. स्क्रीन किती इंचांची हे सगळे सांगतात. पेशंटच्या दृष्टीने काय बघायचं ते तुमच्याकडून ऐकायचं आहे.

संगम_माहुली (सातारा)

डॉक्टर, तुम्ही तिसऱ्या खेपेआधी थांबून मास्कने श्वास दिलात आणि उशी बदललीत, पेशंट त्याच्यामुळे वाचला. आधी हे लिहितो. यंत्राचं नंतर.

मी तीस वर्षांहून जास्त काळ भूल देतोय आणि गेली बरीच वर्षं मुलांना शिकवतोय. माझं म्हणणं, नाव बघू नका, ब्लेडचा बाक बघा. बाजारात डझनभर नावं असली तरी घराणी तीनच.

पहिलं, मॅकिंटॉशच्याच बाकाचं ब्लेड, फक्त टोकापाशी कॅमेरा. रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी ऑक्सफर्डमध्ये १९४३ साली जे वळण दिलं, तेच आजही आपल्या हातात आहे. सी-मॅकचं साधं ब्लेड, मॅकग्राथ मॅक ही या घराण्यातली. हात तोच, चाल तीच. स्क्रीन बंद पडली किंवा लेन्सवर रक्त आलं, तर मान खाली घालून थेट घशात बघता येतं. बूजीही नेहमीसारखी चालते.

दुसरं, जास्त वाकवलेलं ब्लेड. ग्लाइडस्कोप २००१ साली आला, कॅनडातल्या जॉन पेसी या सर्जनने तो काढला. त्याचं टोक साधारण ६० अंशांत वर वळलेलं असतं. सी-मॅकचं डी-ब्लेड आणि मॅकग्राथचं एक्स-ब्लेड याच जातीचं. तोंड, घसा आणि स्वरयंत्र एका रेषेत आणायची गरजच राहत नाही, कारण डोळा कोपऱ्यापलीकडे पोचलेला असतो. आखूड मान, मागे गेलेली हनुवटी, कॉलर लावलेली मान, अशा ठिकाणी हे ब्लेड जे दाखवतं ते साध्या ब्लेडने कधीच दिसत नाही.

तिसरं, खाचेचं ब्लेड. एअरट्रॅक, किंग व्हिजनचं एक ब्लेड, पेंटॅक्सचं एडब्ल्यूएस. नळी आधीच बाजूच्या खाचेत बसवलेली असते. नळीला वाट आखून दिलेली असल्यामुळे स्टायलेट लागत नाही, पण ब्लेड जाड होतं. किंग व्हिजनच्या खाचेच्या ब्लेडला तोंड किमान १८ मिलिमीटर उघडावं लागतं, बिनखाचेच्या ब्लेडला १३. आणि खाचेची दिशा चुकली की सगळं यंत्रच हलवावं लागतं, नुसती नळी वळवून भागत नाही.

आता यातली खरी अडचण सांगतो, ती कुठलाही प्रतिनिधी सांगत नाही. दुसऱ्या घराण्यात दिसतं सगळं, पण नळी जात नाही. पडद्यावर स्वरतंतू पुस्तकातल्या चित्रासारखे समोर असतात आणि नळीचं टोक खालीच घुटमळत राहतं. शिकणारा पोरगा मग काय करतो? अजून जवळ जातो, ब्लेड अजून वर उचलतो. चित्र मोठं होतं आणि नळीचा कोन अजून अवघड होतो. उपाय उलटा आहे. ब्लेड किंचित मागे घ्या, स्वरयंत्र पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात ठेवा, अर्धंच दिसलं तरी चालेल. स्टायलेटला ब्लेडच्याच बाकाचा आकार आधी देऊन ठेवा. नळीचं टोक तंतूंच्या आत शिरलं की मदतनिसाला स्टायलेट दोन-तीन सेंटिमीटर मागे ओढायला सांगा आणि मग नळी पुढे सरकवा. ती पुढच्या भिंतीला अडली तर हलकेच फिरवा.

आणि नजर. तोंडात बघा, ब्लेड घाला. पडद्यावर बघा, स्वरयंत्र शोधा. परत तोंडात बघा, नळी घाला. मग पडद्यावर बघा. तिसरी पायरी मुलं गाळतात. डोळे पडद्याला चिकटलेले आणि स्टायलेटची नळी आंधळेपणाने आत ढकललेली. मऊ टाळूला, टॉन्सिलच्या कमानीला भोक पडल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. मी स्वतः एक पाहिलं आहे. पडद्यावर सगळं सुंदर होतं.

तुमच्यासारख्या फिरत्या माणसाला माझा सल्ला असा, की पहिल्या घराण्याचं यंत्र घ्या, पण ज्याच्या त्याच मुठीला दुसऱ्या घराण्याचंही ब्लेड बसतं असं बघून घ्या.

मिरज_पीजी

सरांच्या लिखाणाला मान देऊन एक आकडेवारी मांडतो, कारण परवाच आमच्याकडे जर्नल क्लबमध्ये (शोधनिबंधांवरच्या चर्चेत) हेच होतं.

वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०२२ चा आढावा आहे. त्यात २२२ अभ्यास आणि २६,१४९ रुग्ण. सरांनी सांगितलेल्या तिन्ही घराण्यांची वेगवेगळी तुलना साध्या लॅरिंगोस्कोपशी केली आहे. तिन्हींत नळी न बसण्याचं प्रमाण साध्यापेक्षा बरंच कमी, साधारण निम्मं किंवा त्याहून कमी.

दुसरा, २०२४ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा अभ्यास. आठ हजारांवर शस्त्रक्रिया. एकापेक्षा जास्त खेपा लागल्या त्या व्हिडिओच्या गटात १.७ टक्के, साध्याच्या गटात ७.६ टक्के. आणि सर, त्यात वापरलेलं ब्लेड जास्त वाकवलेलं होतं, तुमचं दुसरं घराणं. मग पहिलं यंत्र दुसऱ्याच घराण्याचं का घेऊ नये?

तिसरा २०२३ चा डिव्हाइस नावाचा अभ्यास, पण तो ऑपरेशनच्या पेशंटवर नाही, इमर्जन्सी आणि आयसीयूतल्या १,४१७ जणांवर. पहिल्याच खेपेत नळी बसली ती व्हिडिओने ८५.१ टक्क्यांत, साध्याने ७०.८.

संगम_माहुली (सातारा)

प्रश्न रास्त आहे. क्लीव्हलंडचा अभ्यास मीही वाचला आहे आणि तो खोडून काढायचा माझा विचार नाही. पण तो एकाच मोठ्या रुग्णालयातला आहे. तिथे प्रत्येक टेबलापाशी त्या ब्लेडसाठी घडवलेलं कडक स्टायलेट असतं, आणि तेच यंत्र तीच माणसं रोज हाताळतात. विट्याला रात्री दोन वाजता मदतीला जी सिस्टर असते, तिने ते स्टायलेट कदाचित पहिल्यांदाच पाहिलेलं असेल. घशात रक्त किंवा उलटी असली आणि लेन्स झाकली गेली, तर वाकवलेल्या ब्लेडवरून थेट काहीच दिसत नाही. मॅकिंटॉशच्या बाकावर निदान पूर्वीचा रस्ता उघडा राहतो. माझं मत एवढ्याच कारणाने आहे. ज्याचा हात वाकवलेल्या ब्लेडवर रोज बसतो, त्याने तेच पहिलं घ्यावं.

डिव्हाइसमधल्या बहुतेक नळ्या शिकाऊ डॉक्टरांनी घातल्या होत्या, हेही लक्षात ठेव. फरक इतका मोठा दिसण्यात त्याचा वाटा आहे.

कान_नाक_घसा_कराड

माझा मुद्दा थोडा बाजूचा आहे, पण पेशंट आपलेच आहेत म्हणून लिहितो.

राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. माझ्या ओपीडीत तोंड न उघडणारी पोरं अजून येतात, वीस-बावीस वर्षांची. गालाच्या आत पांढरे, कडक पट्टे. सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर कडक होण्याचा आजार. बायका दात घासायला मशेरी वापरतात, तिच्याबद्दल विचारलं तर "मी तंबाखू खात नाही" असंच सांगतात, कारण मशेरी त्यांच्या लेखी तंबाखू नसतेच. थेट "मशेरी लावता का" असं विचारावं लागतं.

तोंड दोन सेंटिमीटरच्या आत उघडत असेल तर कृपा करून कुठल्याच ब्लेडच्या भरवशावर पेशंटला झोपवू नका. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आहे म्हणून धीर येतो आणि तोच घातक ठरतो. अशा पेशंटला जागेपणी, नाकातून, फायबरऑप्टिकवर (लवचिक दुर्बिणीवर) नळी घालावी लागते. त्यासाठी कराडला किंवा मिरजेला पाठवण्यात कमीपणा नाही. झोपल्यावर स्नायू सैल पडले की तोंड उघडेल, असं या आजारात होत नाही. तो आखडलेपणा स्नायूंचा नाही, त्या कडक पट्ट्यांचा आहे.

ओटी_सिस्टर_इस्लामपूर

मी सिस्टर आहे, सतरा वर्षं ओटीत. डॉक्टर लोकांच्या चर्चेत बोलावं की नाही, असं वाटत होतं, पण नळी हातात देणारी मीच असते.

आमच्याकडे व्हिडिओवाला आल्यापासून माझ्या कामात एक मोठा फरक पडला. आधी सर म्हणायचे, "सिस्टर, गळ्यावर दाबा, थोडं उजवीकडे, नाही, मागे." मी अंदाजाने दाबायची. आता मला पण पडद्यावर दिसतं. मी दाबलं की स्वरयंत्र खाली येताना दिसतं, त्यामुळे सर बोलायच्या आधीच माझा हात बरोबर जागी असतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पडदा मुठीवरच चिकटलेला छोटा असेल तर मला दिसत नाही, वेगळा उभा असेल तर दिसतो.

बाकी तीन गोष्टी. स्टायलेटला जेली लावायची राहिली तर ऐन वेळी ते निघत नाही. थंड ओटीत लेन्सवर वाफ धरते, म्हणून पेशंटला ऑक्सिजन चालू करतानाच आम्ही यंत्र सुरू करून ठेवतो. ऑपरेशन संपल्यावर ब्लेड तसंच ट्रेमध्ये पडून राहिलं की लाळ सुकते आणि लेन्सच्या कडेला बसते, मग पुढच्या वेळी चित्र धुरकट. लगेच एन्झाइमच्या पाण्यात घासायचं आणि मग ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकात. वरच्या भागात, जिथे बॅटरी असते, तिथे पाणी जाऊ द्यायचं नाही. नवीन वॉर्डबॉय मामांनी एकदा अख्खं यंत्र बुडवलं होतं.

विट्याचा_रस्ता (सांगली)

सिस्टर, उभ्या पडद्याबद्दल मी विचारच केला नव्हता. मी नेहमी एकटाच बघायच्या हिशेबाने छोटा शोधत होतो. आणि तुम्ही बोललात हे फार चांगलं केलंत.

कुपवाड_एमआयडीसी

मी हॉस्पिटलच्या उपकरणांची दुरुस्ती करतो. वैद्यकीय बाजू माझी नाही. घेण्याआधी विक्रेत्याला हे विचारा: बॅटरी कुठली? किंग व्हिजनला साधे ट्रिपल-ए सेल लागतात, ते तासगावच्या किराणा दुकानातही मिळतात. मॅकग्राथची बॅटरी खास त्याचीच, २५० मिनिटांची, मिनिटं पडद्यावर उतरत जातात, संपली की नवीनच घ्यायची. चार्जिंगवाली देशी यंत्रं असतील तर चार्जिंगची पिन कुठली आहे ते बघा आणि बॅटरी बदलता येते की सीलबंद आहे ते विचारा. सीलबंद असली तर दोन-तीन वर्षांनी यंत्र टेबलावरचा पेपरवेट होतं, असं मी पाहिलं आहे.

ब्लेड एकदाच वापरून टाकायचं की परत वापरायचं, हे खोक्यावर लिहिलेलं असतं. एकदाच वापरायच्या ब्लेडचा खर्च वर्षाचा काढा. यंत्र स्वस्त आणि ब्लेड महाग, असा हिशेब अनेकांना उशिरा कळतो.

शेवटचं. २०१९ च्या पुरात सांगलीत तळमजल्यावरच्या कितीतरी ओटी पाण्याखाली गेल्या. चार्जिंगचा स्टँड जमिनीलगतच्या कपाटात ठेवू नका.

जुना_हात

सगळ्यांचं वाचलं. माझं वय झालंय, मी आता कमी काम करतो. मला भीती एकाच गोष्टीची वाटते. पोरांना पहिल्या दिवसापासून पडदा दिला तर साधा लॅरिंगोस्कोप त्यांच्या हातात कधी बसणारच नाही. ग्रामीण रुग्णालयात एकटा पडल्यावर काय करतील? आमच्या वेळी ग्रेड ३ आला तर बूजीने भागवायचो, आणि भागायचं.

संगम_माहुली (सातारा)

ही भीती मलाही होती. पण मी उलटं घडताना पाहिलं. पूर्वी पोराचं डोकं पेशंटच्या तोंडाशी असायचं आणि मला मागून काहीच दिसायचं नाही. तो म्हणायचा "दिसलं सर", आणि नळी पोटात. आता मॅकिंटॉशच्या बाकाचं व्हिडिओ ब्लेड त्याच्या हातात देतो, त्याला थेट घशात बघायला लावतो आणि पडदा माझ्याकडे फिरवतो. त्याला साधी रीत शिकायला मिळते आणि मला त्याची चूक होण्याआधी दिसते. जीभ डावीकडे सारली नाही, ब्लेड फार खोल गेलं, हे तिथल्या तिथे सांगता येतं. तुमच्या अनुभवाच्या माणसाने आठवड्यातून एक सकाळ जरी या पडद्यामागे उभं राहून पोरांना दिली, तर फार काम होईल.

मिरज_पीजी

एक भर. यंत्र कुठलंही असो, नळी तंतूंमधून जाताना पडद्यावर दिसली म्हणून कॅप्नोग्राफ सोडायचा नाही. श्वसनमार्गाच्या गुंतागुंतींवरच्या ब्रिटनमधल्या २०११ च्या एनएपी-४ पाहणीत हाच धडा होता, आणि २०२२ मध्ये आलेल्या प्यूमा या तज्ज्ञांच्या गटाच्या मार्गदर्शक सूचनांतही तो ठळक आहे: कार्बन डायऑक्साइडची लाट टिकून दिसत नसेल, तर नळी चुकीच्या जागी आहे असंच धरा. त्याच सूचनांत शक्य तिथे नेहमीच व्हिडिओ लॅरिंगोस्कोप वापरावा असंही म्हटलंय. ज्या हॉस्पिटलात दोन्ही नाहीत आणि पैसे एकाचेच आहेत, तिथे माझ्या मते आधी कॅप्नोग्राफ.

कोरेगावची_लेक

मी डॉक्टर नाही. माझ्या आईचं पुढच्या आठवड्यात पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, म्हणून शोधत शोधत इथे आले. वाचून जीव घाबरला. त्या हॉस्पिटलात हे यंत्र आहे का, असं विचारू का? राग येईल का त्यांना?

संगम_माहुली (सातारा)

ताई, विचारा, कुणालाही राग यायचं कारण नाही. पण त्याआधी दुसरं करा. भूल देणाऱ्या डॉक्टरांची आणि आईची भेट ऑपरेशनच्या आधी होऊ दे, टेबलावर नव्हे. त्यांना सांगा: आधी कधी भूल दिली होती का, तेव्हा नळी घालायला त्रास झाला असं कुणी म्हटलं होतं का, दात हलतात का, कवळी आहे का, रात्री जोरात घोरते का, मधेच श्वास अडकतो का, मशेरी लावते का. ते तोंड उघडायला लावतील, मान मागे करायला लावतील, हनुवटीपासून बोटं मोजतील. हे दोन मिनिटांचं काम कुठल्याही यंत्राइतकं मोलाचं आहे.

आणि उपाशी राहायला सांगितलं की खरंच उपाशी. आपल्याकडे सकाळी "चहा म्हणजे काय खाणं थोडंच" म्हणून अर्धा कप देतात. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत. घशात कितीही चांगलं दिसलं तरी पोटातलं वर आलं तर फुफ्फुसात जातं. बहुतेकांची नळी पहिल्याच खेपेला, काही सेकंदांत बसते. इथे आम्ही अवघड पेशंटबद्दलच बोलतोय, म्हणून सगळं भीतीदायक वाटतंय.

कोरेगावची_लेक

धन्यवाद काका. आई मशेरी लावते. मी हे सांगितलंच नसतं.

विट्याचा_रस्ता (सांगली)

तीन आठवड्यांनी परत आलोय. कोरेगावच्या ताई, आईचं कसं झालं ते जरूर कळवा.

मी घेतलं. मॅकिंटॉशच्या बाकाचं धातूचं ब्लेड, त्याच मुठीला जास्त वाकवलेलं दुसरं ब्लेड, आणि पडदा वेगळा, पायावर उभा राहणारा. नाव इथे लिहीत नाही, कारण त्याची जाहिरात व्हावी असा हेतू नाही. संगम_माहुली सरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे पहिले पंधरा पेशंट सगळे सोपे घेतले. हर्निया, सिझर नंतरची गाठ, थायरॉइड. प्रत्येक वेळी आधी थेट बघितलं, काय ग्रेड ते मोठ्याने म्हटलं, मग पडद्यावर बघितलं. सोळावी पलूसची आजी, हनुवटी आत, खालचे पुढचे दोन दात हलणारे. थेट बघितल्यावर ग्रेड ३, पडद्यावर तंतूंचा मागचा निम्मा भाग. बूजी पहिल्याच वेळी गेली. आजीचे दातही शाबूत.

वाकवलेलं ब्लेड मात्र मला अजून जमत नाही. दोनदा सोप्या पेशंटवर वापरलं आणि दोन्ही वेळा दिसत असून नळी जाईना, मॅकिंटॉशवर परत आलो. मी जवळ जातोय हे कळतंय, पण हात ऐकत नाही. अवघड पेशंटवर ते एवढ्यात काढणार नाही.

मिरज_पीजी

सर, रविवारी सकाळी आमच्याकडे मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) सराव असतो. या. तुमचं स्टायलेट घेऊन या, कारण बाक त्याचाच बघायचा आहे. मला वाटतं ते पुरेसं वाकवलेलं नसावं.

विट्याचा_रस्ता (सांगली)

येतो. कुपवाडकर, तुमच्यासाठी एक प्रश्न. बॅग दिवसभर गाडीच्या डिकीत असते. चालेल ना?

कुपवाड_एमआयडीसी

मूठ आणि ब्लेड राहू दे. पडदा आणि बॅटरी डिकीत नको, लिथियम आहे. एप्रिल-मेमध्ये सांगलीत उन्हात उभ्या केलेल्या गाडीची डिकी भट्टी होते, बॅटरी फुगेल. पडद्याला वेगळी छोटी पिशवी शिवून घ्या आणि ती खांद्याला लावून सोबत न्या. रात्री घरात, माळ्यावर नाही, दाराशी. चार्जर लावूनच ठेवा.